उष्णतेपासून वीज : एका निःशब्द यंत्राचा इतिहास



विजेचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मोठमोठी धरणे, धुराडी आणि घरघरणारी जनित्रे उभी राहतात. ते साहजिकच आहे. कोळसा जाळा, पाणी उंचावरून पाडा, नाही तर अणू फोडा. शेवटी कुठेतरी एक चाक गरगर फिरावे लागते, तेव्हा वीज हाती येते. आणि जेथे चाक आहे तेथे वंगण आहे, जेथे वंगण आहे तेथे तेलाची बुधली घेऊन उभा असलेला माणूस आहे. विजेच्या कारखान्यांचा इतिहास हा म्हणूनच पाळीवर येणाऱ्या माणसांचाही इतिहास आहे.

परंतु याच इतिहासात एक आडवाट आहे. तिच्यावर भेटणारे यंत्र फिरत नाही, आवाज करीत नाही, झिजत नाही म्हटले तरी चालेल. त्याची एक बाजू तापवावी, दुसरी थंड ठेवावी, की मधल्या घन पदार्थातून वीज वाहू लागते. ना बाष्प, ना पट्टा, ना चाक. शास्त्रज्ञ या घटनेला उष्माविद्युत् म्हणतात. या यंत्राचा सर्वांत मोठा गुण म्हणून पुस्तकांतून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितलेली आढळते : त्याच्यापाशी माणूस ठेवावा लागत नाही. ज्याचे आयुष्य कामगार संघटनेत गेले, त्याचे कान हे वाक्य ऐकून टवकारले तर नवल नाही. यंत्रापाशी माणूस नाही, हे ठीक. पण यंत्र तिथवर वाहून कोणी नेले? आणि मालक ते टाकून निघून गेल्यावर ते कोणाला सापडले? आजच्या व्याख्यानात मी शास्त्राचा इतिहास सांगणार आहे आणि त्याच्याबरोबर या दोन प्रश्नांची उत्तरेही शोधणार आहे.

सीबेकची सुई

इ. स. १८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेडने दाखवून दिले की, तारेतून वीज वाहू लागली की शेजारची होकायंत्राची सुई हलते. साऱ्या युरोपात प्रयोगांची लाट आली. पुढच्याच वर्षी, १८२१ मध्ये, बर्लिन येथे टोमास योहान सीबेक याने दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या टोकांशी जोडून एक कडे तयार केले. एक पट्टी तांब्याची, दुसरी बिस्मथची. एक सांधा तापवताच जवळची सुई वळली. कोणतीही बॅटरी जोडलेली नव्हती. होता तो केवळ दोन सांध्यांतील तपमानाचा फरक.

गंमत अशी की, आपण वीज निर्माण केली आहे हे सीबेकला पटलेच नाही. धातू तापल्याने चुंबकत्व उत्पन्न होते असे त्याचे मत होते, आणि पृथ्वीचे चुंबकत्वदेखील विषुववृत्त व ध्रुव यांच्या तपमानातील फरकामुळे आले असावे असा तर्क त्याने लढविला. कड्यातून वीज वाहते व ती सुईला हलविते, हा अर्थ ओर्स्टेडने लावला आणि या घटनेला उष्माविद्युत् हे नावही त्यानेच दिले. शोध एकाचा आणि अर्थ दुसऱ्याचा, असे शास्त्राच्या इतिहासात अनेकदा घडते.

या कड्याचा पहिला मोठा उपयोग जर्मनीतील गेओर्ग ओम या शाळामास्तराने केला. त्या काळच्या रासायनिक बॅटऱ्या मोठ्या चंचल. सकाळी एक जोर, दुपारी दुसरा. ओमने १८२६ मध्ये तांबे-बिस्मथची जोडी घेतली, एक सांधा उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवला. पाणी शंभर अंशांवर उकळते, बर्फ शून्यावर वितळते. तेव्हा विजेचा दाब दिवसभर तसूभर ढळत नाही. त्या स्थिर दाबावर त्याने मोजमापे केली आणि ज्याला आपण ओमचा नियम म्हणतो तो हाती लागला. आज वायरमनचे शिक्षण घेणारा प्रत्येक मुलगा तो नियम घोकतो. पण त्या नियमाच्या मुळाशी बर्फाचे एक भांडे आणि उकळत्या पाण्याचे एक भांडे होते, हे त्याला क्वचितच कोणी सांगते.

यानंतर आले झाँ पेल्टिए. हे गृहस्थ फ्रान्समधले घड्याळजी. वयाच्या तिशीत धंदा सोडून त्यांनी स्वतःच्या हिमतीवर शास्त्राचा अभ्यास आरंभिला. १८३४ मध्ये त्यांना सीबेकच्या शोधाची उलटी बाजू सापडली : दोन धातूंच्या सांध्यातून वीज सोडली तर तो सांधा वीज कोणत्या दिशेने वाहते त्याप्रमाणे तापतो किंवा थंड होतो. चार वर्षांनी, १८३८ मध्ये, पीटर्सबर्ग येथे लेन्झ याने बिस्मथ व अँटिमनीच्या सांध्यावर पाण्याचा एक थेंब ठेवला. वीज सोडली, थेंबाचा बर्फ झाला; विजेची दिशा उलटवली, बर्फाचे पाणी झाले. लसी, औषधे थंड ठेवणाऱ्या काही छोट्या पेट्यांत आज जी थंडावा देणारी चकती बसविलेली असते, तिचा जन्म या एका थेंबात झाला.

मग ही वीज मागे का पडली?

एवढे सगळे १८४० च्या आत कळले होते, तर मग आपल्या घरी येणारी वीज या मार्गाने का आली नाही? याचे उत्तर हिशेबात आहे, आणि हिशेब आपण कामगारांनी नेहमी स्वतः करून पाहावा.

तांबे आणि कॉन्स्टंटन नावाचा मिश्रधातू यांची जोडी घ्या. एक टोक शून्य अंशावर व दुसरे शंभर अंशांवर ठेवले, तर तिच्यातून जेमतेम चार मिलिव्होल्टचा दाब मिळतो. साध्या टॉर्चच्या सेलचा दाब दीड व्होल्ट. म्हणजे एका सेलची बरोबरी करायला अशा साडेतीनशे जोड्या एकापुढे एक जोडाव्या लागतील. तरीही लोकांनी नेट लावला. पॅरिसमध्ये क्लॅमाँ याने १८७० नंतरच्या दशकात गॅसवर व कोकवर तापणाऱ्या मोठाल्या उष्माविद्युत् भट्ट्या बांधल्या. मुलामा देण्याच्या कारखान्यांतून अशा भट्ट्यांचा वापरही झाला. परंतु त्यांत इंधन फार आणि वीज थोडी. शंभर भाग उष्णतेतून एक भागदेखील वीज मिळेना. तेवढ्यात फॅरडेच्या १८३१ च्या शोधावर उभे राहिलेले डायनॅमो बाजारात आले, १८८२ मध्ये एडिसनने न्यू यॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर आपले वीजगृह चालू केले, आणि क्लॅमाँच्या भट्ट्या अडगळीत गेल्या.

अडचण कोठे होती हे १९०९ ते १९११ च्या सुमारास जर्मनीतील आल्टेनकिर्ख याने नेमके सांगितले. चांगल्या उष्माविद्युत् पदार्थात तीन गुण एकत्र हवेत. अंशागणिक विजेचा दाब जास्त मिळावा. विजेला आतून अडथळा कमी व्हावा. आणि उष्णता मात्र त्यातून सहजासहजी पार जाऊ नये. तिसरा गुण महत्त्वाचा, कारण उष्णता भराभरा पार गेली तर गरम बाजू व थंड बाजू हा भेदच उरत नाही, आणि भेद गेला की वीज गेली. आता धातूंचे दुखणे असे की, जो धातू वीज चांगली वाहतो तोच उष्णताही चांगली वाहतो. तव्याला लाकडी मूठ का बसवितात हे ज्या गृहिणीला ठाऊक आहे, तिला हे वेगळे सांगावे लागत नाही. काचेत उष्णता अडते, पण वीजही अडते. धातू आणि काच यांच्या मधला कोणीतरी हवा होता.

अर्धवाहकांचे आगमन

तो मधला पदार्थ म्हणजे अर्धवाहक. आणि त्याचे महत्त्व ज्याने सर्वांआधी ओळखून त्यासाठी उभे आयुष्य वेचले, तो माणूस म्हणजे आब्राम फ्योदरोविच योफे. युक्रेनमधील रोम्नी या गावी १८८० मध्ये एका ज्यू कुटुंबात यांचा जन्म झाला. क्ष-किरणांचा शोध लावणाऱ्या राँटगेन यांच्या हाताखाली त्यांनी म्यूनिक येथे शिक्षण घेतले. क्रांतीनंतर, १९१८ मध्ये, उपासमारीच्या दिवसांत, पेट्रोग्राड येथे त्यांनी पदार्थविज्ञानाची संस्था उभारली. रशियाचा अणुबाँब तयार करणारा कुर्चातोव्ह याच संस्थेत वाढला. १९३० च्या सुमारास योफेंचे लक्ष अर्धवाहकांकडे वळले.

अर्धवाहकात काय घडते ते थोडक्यात सांगतो. धातूत विजेचे कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, दाटीवाटीने भरलेले असतात. अर्धवाहकात ते मोजके असतात, आणि दुसऱ्या पदार्थाची चिमूटभर भेसळ करून त्यांची संख्या आपल्याला हवी तेवढी ठेवता येते. एक बाजू तापली की तिथले कण अधिक चपळ होऊन थंड बाजूकडे सरकतात. भर बाजारात एका टोकाला धावपळ उडाली की माणसे निवांत टोकाकडे लोटली जातात, तसेच काहीसे. काही अर्धवाहकांत हे सरकणारे कण ऋणभाराचे असतात. दुसऱ्या काहींत इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागाच धनभारासारख्या सरकतात. एक ऋण आणि एक धन असे दोन खांब घेऊन त्यांची टोके पट्टीने जोडली, की दोघांचा दाब एकमेकांत मिळतो. उष्णता दोन्ही खांबांतून एकाच वेळी खाली उतरते, वीज मात्र एकातून चढते व दुसऱ्यातून उतरते. अशा जोड्यांची रांग केली की झाले जनित्र.

१९५४ मध्ये इंग्लंडात गोल्डस्मिड याने बिस्मथ आणि टेल्युरियम यांच्या संयुगाचे गुण प्रसिद्ध केले. या संयुगाच्या एका जोडीतून अंशाला सुमारे चारशे मायक्रोव्होल्ट मिळतात. मघाच्या टॉर्चच्या हिशेबाला हे लावून पाहा : जिथे साडेतीनशे जोड्या लागत होत्या, तिथे शंभर अंशांच्या फरकात अडतीस-चाळीस पुरतात. शंभर भाग उष्णतेतून एक भागही वीज देताना जिथे दमछाक होत होती, तिथे पाच ते आठ भाग मिळू लागली. बाष्पयंत्राच्या पुढे हे अजूनही तोकडेच; पण जेथे बाष्पयंत्र नेताच येत नाही, तेथे हे पाच-आठ भागही सोन्याच्या मोलाचे ठरतात.

जंगलातले भांडे आणि खेड्यातला कंदील

अशी जागा पहिल्यांदा युद्धाने दाखविली. १९४१ मध्ये हिटलरच्या फौजा रशियात घुसल्या. शत्रूच्या पिछाडीला जंगलांत राहून लढणाऱ्या गनिमी तुकड्यांपाशी रेडिओ होते, पण बॅटरी संपली की रेडिओ म्हणजे नुसते ओझे. योफे यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्यासाठी एक भांडे तयार केले. साधे पाणी तापवायचे पातेले, पण बुडाशी अँटिमनी-जस्त संयुगाच्या आणि कॉन्स्टंटनच्या जोड्या बसविलेल्या. पातेल्यात पाणी घालावे, खाली शेकोटी पेटवावी. खालची बाजू ज्वाळेने तापते. वरच्या बाजूला पाणी असल्याने ती शंभर अंशांपलीकडे जाऊ शकत नाही. या फरकावर दोन ते चार वॉट वीज मिळे आणि तेवढ्यावर संदेश जात. वर चहाला आधण उकळत असे ते निराळेच. लोकांनी त्याला ‘पार्टिझनांचे पातेले’ असे नाव दिले होते.

युद्ध संपल्यावर हीच युक्ती शांततेच्या कामाला लागली. रशियातल्या असंख्य खेड्यांत वीज पोचली नव्हती. रॉकेलचा दिवा मात्र घरोघर होता. १९५० नंतरच्या दशकात तेथे असे दिवे निघाले की, ज्यांच्या काचेवर पत्र्याच्या पंखांचे एक कडे बसविलेले असे. दिव्याच्या धगीने आतली बाजू तापे, खोलीच्या हवेने पंख गार राहत, आणि मधल्या जोड्यांतून सुमारे तीन वॉट वीज निघे. एकाच रॉकेलवर घरात उजेडही पडे आणि रेडिओही बोले. वाया जाणारी धग कष्टकऱ्याच्या घरात कामाला लावणारे असे दुसरे सुटसुटीत साधन त्या काळात माझ्या तरी वाचनात नाही. शास्त्र कोणासाठी, या प्रश्नाचे एक उत्तर मला त्या कंदिलात दिसते.

पण इतिहास सांगताना आवडते तेवढेच सांगून चालत नाही. ज्या योफे यांनी हे घडविले, त्यांना १९५० च्या अखेरीस त्यांनीच स्थापिलेल्या संस्थेच्या संचालकपदावरून दूर करण्यात आले. ज्यू बुद्धिवंतांना ‘विश्वनागरिक’ म्हणून हिणवण्याची जी मोहीम तेव्हा त्या देशात चालू होती, तिचे ते दिवस होते. कामगारांच्या नावाने चालणाऱ्या राज्यात हे घडले, हे आम्हा चळवळीतल्या माणसांनी स्पष्ट शब्दांत म्हणायला हवे. सत्तर वर्षांचा तो म्हातारा खचला नाही. अर्धवाहकांची वेगळी प्रयोगशाळा त्याने काढली, तिची संस्था झाली, आणि १९६० मध्ये त्याचा मृत्यू झाल्यावर ज्या संस्थेतून त्याला काढले होते तिलाच त्याचे नाव देण्यात आले.

निर्मनुष्य जागी

आता कथा वेगळे वळण घेते. रॉकेल संपते, शेकोटी विझते. पण वर्षानुवर्षे आपोआप गरम राहणारा पदार्थ मिळाला तर? किरणोत्सर्गी पदार्थ तसे असतात. त्यांचे अणू आपसूक फुटत राहतात आणि त्यातून उष्णता निघते. प्लुटोनियम-२३८ या पदार्थाचा जोर निम्म्यावर यायला सुमारे ८८ वर्षे लागतात. त्याची गोळी मध्ये ठेवून भोवती अर्धवाहकांच्या जोड्या रचल्या, की असे जनित्र तयार होते ज्याला इंधन घालायला कोणी यावे लागत नाही.

अमेरिकेने १९६१ च्या जूनमध्ये ‘ट्रान्झिट ४-ए’ या उपग्रहावर असे पहिले जनित्र अवकाशात पाठविले. त्याची वीज तीन वॉटही नव्हती. १९६९ मध्ये अपोलो १२ च्या यात्रिकांनी चंद्रावर असेच एक जनित्र ठेवले. १९७७ मध्ये सुटलेल्या दोन व्हॉयेजर यानांपैकी प्रत्येकाला आरंभी सुमारे ४७० वॉट वीज मिळत होती, म्हणजे आपल्या घरातल्या कपड्यांच्या इस्त्रीपेक्षा कमी. तेवढ्या पुंजीवर त्यांनी गुरू आणि शनीची छायाचित्रे पाठविली. त्यातले दुसरे युरेनस आणि नेपच्यूनपर्यंत जाऊन आले. आणि पहिल्याने २०१२ मध्ये सूर्याच्या प्रभावाची सीमा ओलांडली. वीज दरसाल सुमारे चार वॉटनी कमी होत गेली, तसतशी यानावरची एकेक उपकरणे बंद करावी लागली. काटकसरीने संसार करणे म्हणजे काय, ते या यानांकडून शिकावे. मानवी बुद्धीचा हा खरोखर मोठा विजय आहे, आणि तो मी मनापासून मानतो.

पण सगळी जनित्रे आकाशात गेली नाहीत. काही जमिनीवर राहिली, आणि त्यातले एक आपल्या हिमालयात हरवले.

१९६४ च्या ऑक्टोबरमध्ये चीनने लोप नोर येथे पहिला अणुस्फोट केला. पुढच्या स्फोटांची व क्षेपणास्त्रांची चाहूल घेण्यासाठी अमेरिकेच्या व भारताच्या गुप्तचर खात्यांनी मिळून नंदादेवीच्या ७,८१६ मीटर उंच शिखरावर एक यंत्र बसविण्याचे ठरविले. तिथे बॅटरी बदलायला कोण जाणार? म्हणून प्लुटोनियमचे उष्माविद्युत् जनित्र. १९६५ मध्ये एव्हरेस्टवर गेलेल्या भारतीय मोहिमेचे नेते कॅप्टन मनमोहनसिंग कोहली यांच्याकडे नेतृत्व आले. १९६५ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी तुकडी वरच्या तळापर्यंत पोचली, पण वादळाने गाठले. माणसे वाचवायची तर सामान टाकावे लागणार होते; तसे ते खडकाच्या आडोशाला बांधून ठेवले व सारे खाली उतरले. तो निर्णय योग्यच होता. १९६६ च्या वसंतात पाहतात तो त्या जागी काही नाही. हिमकड्यांनी सारे वाहून नेले होते. पुढची दोन वर्षे शोध चालला, जनित्र मिळाले नाही.

मला या हकीकतीत सर्वाधिक अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. हे जनित्र शेर्पांनी पाठीवर वाहिले. ते उबदार होते. बर्फात ती ऊब त्यांना हवीशी वाटे, आणि ते आपल्याकडे यावे म्हणून त्यांच्यात चढाओढ लागे. त्यांनी त्याला आपल्या परंपरेतल्या ‘गुरु रिंपोचे’ यांचे नाव दिले होते. ही माहिती मोहिमेत असलेल्यांनीच पुढे सांगितली आहे. प्लुटोनियम-२३८ चे मुख्य किरण कातडीतच अडतात, आवरण फुटले नाही तर वाहणाऱ्याला धोका थोडा, हे शास्त्र सांगते; आणि ते मी लपवीत नाही. परंतु तो धोका थोडा आहे की फार, हे ज्याच्या पाठीवर ओझे आहे त्याला सांगितल्यावाचून दुसऱ्यानेच ठरवावे काय? ओझ्यात काय आहे हे हमालाला विचारता येत नाही, तेथे मजुरी कितीही दिली तरी तो व्यवहार सरळ म्हणता येणार नाही.

हे सारे बारा वर्षे गुप्त होते. १९७८ मध्ये एका अमेरिकी मासिकाने ते बाहेर काढले, आणि त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी लोकसभेत ते कबूल केले. शास्त्रज्ञांची समिती नेमली गेली. ऋषिगंगेच्या खोऱ्यातल्या पाण्यात किरणोत्साराची लक्षणे आढळली नाहीत. पण संशय गावांतून गेला नाही. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोली जिल्ह्यात प्रचंड लोंढा आला. दोनशेहून अधिक माणसे मृत किंवा बेपत्ता झाली, आणि त्यात फार मोठी संख्या जलविद्युत् प्रकल्पांवर राबणाऱ्या मजुरांची होती. रैणी गावचे लोक म्हणू लागले की, त्या जुन्या यंत्रानेच बर्फ वितळविले असेल. शास्त्रज्ञांच्या तपासात कारण निराळे निघाले : रोंती शिखराचा खडक व बर्फाचा एक महाकाय कडा तुटून दरीत कोसळला होता. मला शास्त्रज्ञांचे म्हणणे पटते. तरीही गावकऱ्यांना मी हसणार नाही. ज्यांच्यापासून एकदा खरी गोष्ट लपविली, ते पुढे खऱ्या खुलाशावरही विश्वास ठेवीनासे होतात, यात दोष कोणाचा?

लिया गावचे लाकूडतोडे

दुसरी हकीकत जॉर्जिया देशाची. सोव्हिएत राज्याने उत्तरेकडील समुद्रांच्या निर्जन किनाऱ्यांवरचे दीपस्तंभ आणि डोंगरांतली रेडिओ ठाणी चालविण्यासाठी अशी जनित्रे एक हजाराच्या आसपास उभारली. त्यांत प्लुटोनियमऐवजी स्ट्राँशियम-९० वापरले होते. ते स्वस्त, पण त्याचा मारा कितीतरी उग्र. जाड शिशाच्या आवरणाशिवाय त्याच्याजवळ जाणे म्हणजे मृत्यूला हाक. जोवर राज्य होते तोवर नोंदवही होती. १९९१ मध्ये राज्य मोडले, नोंदवह्या विखुरल्या. किनाऱ्यांवर भंगार चोरणाऱ्यांनी काही जनित्रांचे धातू काढून नेले. डोंगरांतली काही जनित्रे कोणीतरी उघडली व आतला गाभा तसाच टाकून दिला.

इंगुरी नदीवरच्या धरणाच्या वर दुसरे एक धरण बांधण्याचे काम निघाले होते. दोन्ही ठिकाणांत रेडिओने बोलता यावे म्हणून तेथे अशी जनित्रे आणली होती. ते बांधकाम थांबले, जनित्रे मागे राहिली. २ डिसेंबर २००१ रोजी लिया गावचे तिघे जण त्या रानात सरपणासाठी गेले. एके जागी बर्फ नव्हता, जमीन ओली होती आणि मध्ये आठ-दहा किलोंची दोन नळकांडी पडली होती, हात लावताच चटका देणारी. रात्र थंडीची. त्यांनी ती नळकांडी उचलून मुक्कामावर आणली आणि ऊब मिळावी म्हणून पाठीशी ठेवली. काही तासांतच त्यांना ओकाऱ्या सुरू झाल्या. दोघांच्या पाठी जळाल्या. महिनोन्महिने उपचार झाले. त्यांतल्या एकाने २००४ मध्ये प्राण सोडला.

ती नळकांडी परत शिशाच्या पेटीत घालायला २००२ च्या फेब्रुवारीत आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मदतीने जॉर्जियाची माणसे गेली. त्यांनी आधी तालीम केली, हाताळायला लांब दांड्यांची हत्यारे घेतली, आणि एकेका माणसाने एका मिनिटाहूनही कमी वेळ जवळ थांबायचे, मग दुसऱ्याने पुढे व्हायचे, अशी पाळी लावली. ज्ञान असले म्हणजे माणूस कसा वाचतो, ते इथे दिसते. त्याच नळकांड्यांपाशी काही माणसे अख्खी रात्र बसली आणि काही माणसे सेकंद मोजून दूर झाली. धैर्य दोघांत सारखेच होते. एका गटाला माहिती होती आणि दुसऱ्याला नव्हती, एवढाच फरक. पुढे नॉर्वे व अमेरिका यांच्या साहाय्याने रशियाने आपल्या किनाऱ्यांवरची अशी जनित्रे उचलून नेली, आणि पुष्कळ दीपस्तंभांवर त्यांच्या जागी सूर्यप्रकाशावर चालणारी साधने बसविली. म्हणजे मनात आणले तर दुरुस्ती करता येते.

हिशेब

आता या इतिहासाचा जमाखर्च मांडू. जमेच्या बाजूला पुष्कळ आहे. भट्टीचे तपमान सांगणारी थर्मोकपलची कांडी ही सीबेकचीच जोडी. लोखंडाच्या, काचेच्या, सिमेंटच्या कारखान्यांत ती नसेल तर काम अडते. ज्योत विझताच गॅस बंद करणाऱ्या शेगड्यांतही पुष्कळदा तीच राखण करते. निर्जन प्रदेशांतून जाणाऱ्या वायूच्या नळांना गंज चढू नये म्हणून जी थोडी वीज लागते, ती काही ठिकाणी नळातलाच वायू जाळून अशा जनित्रातून घेतात. आणि मोठी आशा पुढेच आहे. कोळशाच्या वीजगृहात शंभर भाग उष्णतेतून पस्तीस-चाळीस भागच वीज होते. उरलेली उष्णता पाण्यात व हवेत जाते. कारखान्याच्या धुराड्यातून, मोटारीच्या नळीतून रोज किती धग वाया जाते ते भट्टीखात्यात राबलेल्याला विचारावे. त्याने ती अंगावर सोसलेली असते. अर्धवाहक आणखी सुधारले, टेल्युरियमसारख्या दुर्मीळ पदार्थाला स्वस्त पर्याय मिळाला, तर त्या धगीचा काही अंश परत कामाला लावता येईल. सामर्थ्य थोडे आहे, पण टाकाऊतून आहे, हे विसरू नये.

खर्चाच्या बाजूला मी यंत्राला बसविणार नाही. त्या निःशब्द यंत्राचा यात काडीचाही अपराध नाही. पार्टिझनांच्या पातेल्यातही तोच सिद्धांत होता आणि लियाच्या रानात पडलेल्या जनित्रातही तोच. फरक इतकाच की, पातेले वापरणाऱ्याला पातेल्यात काय आहे ते ठाऊक होते. ‘माणूस ठेवावा लागत नाही’ या गुणाचा अर्थ ‘माणसाचा विचार करावा लागत नाही’ असा जेव्हा लावला गेला, तेव्हा अनर्थ झाला. यंत्रापाशी पहारेकरी नसेल, पण त्याच्या वाटेवर हमाल आहे, त्याच्या शेजारी गाव आहे, आणि त्याच्या आयुष्याच्या शेवटी भंगार वेचणारा किंवा सरपण गोळा करणारा कोणीतरी आहेच.

म्हणून माझे मागणे मोठे नाही. उष्णतेपासून वीज करणारे असो, नाही तर उद्या निघणारे आणखी कोणते असो, प्रत्येक यंत्राबरोबर तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात : यात काय आहे, ते किती वर्षे धोक्याचे राहील, आणि काम संपल्यावर ते परत नेण्याची जबाबदारी कोणाची. आणि हे लिहायचे ते यंत्र विकत घेणाऱ्याच्या भाषेत लिहून भागणार नाही. जो ते उचलणार आहे त्याच्या भाषेत, त्याला वाचता येत नसेल तर चित्रात, आणि चित्र कळत नसेल तर तोंडाने समजावून सांगितले पाहिजे. नंदादेवीच्या कुशीत हरवलेले ते प्लुटोनियम २०५३ च्या सुमारास कुठे निम्मे होईल. आज या सभागृहात जी मुले आहेत ती तेव्हा कर्तीसवरती झालेली असतील. त्यांच्या पाठीवर कोणते ओझे येते आहे, हे विचारण्याची सवय आपण त्यांना आतापासूनच लावू या.